झऱ्यातला पांढरा, आंधळा जीव नवी प्रजाती आहे का, हे कसं ठरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यातल्या एका गावात सड्याच्या उतारावर बारमाही झरा आहे. झऱ्यामागे माणूस वाकून आत जाईल एवढं भुयार आहे आणि आत गुडघाभर पाणी. जुलैत जोराचा पाऊस झाल्यावर झऱ्याच्या तोंडाशी पांढरे, डोळे नसलेले, कुशीवर पोहणारे बारीक जीव दिसले. भुयारातल्या पाण्यातही तसलेच होते, पण आकाराने मोठे आणि लांब मिशांचे. प्रश्न विचारणारे प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतात आणि काही जीव त्यांनी सॅनिटायझरच्या बाटलीत घालून ठेवलेत. ते विचारतात की ही नवीन प्रजाती असेल का, झऱ्यातली आणि भुयारातली वेगळी मानायची का, आणि नवीन निघालीच तर तिचं वर्णन प्रसिद्ध करायला काय काय करावं लागतं.

नवीन असण्याची शक्यता चांगली आहे, हे आधीच सांगतो. महाराष्ट्राच्या भूजलातल्या क्रस्टेशियन (कोळंबी-खेकड्यांच्या वर्गातल्या) जीवांकडे आजवर फार थोड्या लोकांनी पाहिलंय. कोकणापुरतं बोलायचं तर १९७९ मध्ये सांकोळी आणि शेणॉय यांनी रत्नागिरीतून जमिनीखालच्या पाण्यातली एक कोळंबी वर्णन केली, ट्रोग्लिंडिकस फ्रिॲटिकस. ती इतकी वेगळी होती की तिच्यासाठी नवा जीनसच (प्रजातींच्या वरचा गट) करावा लागला. आंध्रात गुंटूरच्या नागार्जुन विद्यापीठातले वाय. रंगा रेड्डी आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं विहिरी, बोअरवेल आणि नदीकाठची वाळू तपासत राहिले आणि त्यातून कितीतरी नव्या प्रजाती पुढे आल्या. आपल्याकडच्या जांभ्याखालच्या पाण्यात तेवढ्याच नेटाने कुणी पाहिलेलं नाही. त्यामुळे तुमची उत्सुकता रास्त आहे.

पण तुम्ही पुरावा म्हणून जे दोन मुद्दे पुढे केलेत, रंग नाही आणि डोळे नाहीत, त्यांना नव्या प्रजातीचा पुरावा म्हणून जवळजवळ काहीच वजन नाही. जमिनीखालच्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या जवळपास प्रत्येक गटाचं हेच होतं. एकमेकांशी लांबचंही नातं नसलेले जीव अंधारात एकसारखे दिसू लागतात आणि एकाच प्रजातीतले जीव अंधारात-उजेडात वेगळे दिसू लागतात.

दुसऱ्या गोष्टीचं सगळ्यात बारकाईने अभ्यासलेलं उदाहरण अमेरिकेतल्या ॲपलॅशियन डोंगररांगेतलं आहे. वेस्ट व्हर्जिनिया आणि व्हर्जिनियातल्या चुनखडीच्या प्रदेशात गॅमरस मायनस नावाचा अँफिपॉड (बाजूने चपटा, कुशीवर पोहणारा क्रस्टेशियन) झऱ्यांतही राहतो आणि गुहांतल्या ओढ्यांतही. झऱ्यातले तपकिरी, व्यवस्थित डोळ्यांचे. काही गुहांमधले मात्र मोठे, निळसर, लांब मिशांचे आणि डोळे खुरटलेले. १९४० मध्ये शूमेकरने या गुहेतल्या रूपाला 'टेन्युइपेस' असं वेगळं नावही दिलं होतं. पुढे डेव्हिड कल्व्हर, थॉमस केन आणि डॅनियल फाँग यांनी अनेक वर्षं यावर काम करून दाखवलं की हे रूप वेगवेगळ्या भूमिगत खोऱ्यांत स्वतंत्रपणे तयार झालंय. म्हणजे एका गुहेतली लांब मिशांची जनता दुसऱ्या गुहेतल्या लांब मिशांच्या जनतेपेक्षा आपल्याच खोऱ्यातल्या झऱ्याला जवळची असू शकते. युरोपातल्या असेलस ॲक्वाटिकस या आयसोपॉडचीही (अँफिपॉडचा भाऊबंद, पण सहसा वरून चपटा) तीच कथा: स्लोव्हेनियात पोस्तोयना-प्लानिना परिसरातल्या गुहांमधले पांढरे, आंधळे असेलस आणि बाहेरच्या नदीतले रंगीत, डोळस असेलस यांच्यात संकर होऊ शकतो.

आता तुमचं निरीक्षण पुन्हा वाचा: भुयारातले मोठे आणि मिशा लांब. याची किमान तीन कारणं असू शकतात. दोन प्रजाती असतील. एकच प्रजाती दोन जागी दोन रूपांत असेल. किंवा पावसाच्या लोंढ्याबरोबर बाहेर फेकली जाताहेत ती नुसती अर्धवट वाढलेली पिल्लं असतील आणि पूर्ण वाढलेले आतच राहत असतील. अँफिपॉडच्या मिशीतल्या मण्यांची संख्या कात टाकता टाकता वाढत जाते, त्यामुळे लहान जनावराची मिशी तुलनेने आखूडच दिसणार. यातलं तिसरं कारण सगळ्यात आधी तपासून बाजूला काढायचं, कारण त्याला एक सूक्ष्मदर्शक आणि मोजपट्टी पुरते.

याउलट, अगदी एकसारखे दिसणारे जीव वेगळे निघू शकतात, आणि भूजलात हे फार घडतं. युरोपातल्या निफार्गस या जीनसमध्ये आज चारशेहून जास्त प्रजाती आहेत. गोड्या पाण्यातल्या अँफिपॉडांचा हा सगळ्यात मोठा जीनस. त्यातल्या काही पूर्वी अर्ध्या युरोपभर पसरलेल्या मानल्या जात. २००९ मध्ये ट्रोंतेल्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूजलातल्या अशा 'सर्वदूर' प्रजातींचे डीएनए तपासले, तेव्हा बहुतेकांचे तुकडे पडले. दोनशे किलोमीटरपेक्षा मोठा पसारा असलेला वंश विरळाच निघाला. कोकणासाठी याचा अर्थ असा की आंध्रातल्या एखाद्या प्रजातीशी तुमचा जीव हुबेहूब जुळला, तरी तेवढ्यावरून तीच ती असं लिहून मोकळं होऊ नका.

म्हणून कामाची सुरुवात गटापासून करा. 'कुशीवर पोहणारे' म्हणजे अँफिपॉड, असं तुम्ही धरून चाललाय. बहुधा बरोबरही असेल. पण भारतात एक चकवा आहे. फ्रिॲटोइसिडिया नावाचे आयसोपॉड बाजूने चपटे असतात आणि वरवर पाहता थेट अँफिपॉडसारखे दिसतात. हा गट न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि भारत एवढ्याच भागांत सापडतो, म्हणजे जुन्या गोंडवनातल्या भूभागांत. न्यूझीलंडच्या चार्ल्स चिल्टन यांनी कँटरबरीतल्या आयरटन इथल्या विहिरीच्या पंपातून आलेल्या जीवावरून १८८३ मध्ये फ्रिॲटोइकस टिपिकस वर्णन केला. आपल्याकडे चोप्रा आणि तिवारी यांनी १९५० मध्ये बनारसच्या विहिरींतून निकोल्सिया काशिएन्से वर्णन केला, आणि अलीकडे आंध्रातून याच गटाचा आंध्राकॉइडिस हा जीनस पुढे आला. तेव्हा जीव उताणा करा आणि पोटाखालचे अवयव मोजा. अँफिपॉडला पोहायच्या पायांच्या, म्हणजे प्लिओपॉडच्या तीन जोड्या आणि त्यामागे युरोपॉडच्या, म्हणजे शेपटीकडच्या ताठ अवयवांच्या, तीन जोड्या असतात. आयसोपॉडला प्लिओपॉडच्या पाच जोड्या आणि युरोपॉडची एकच. कल्ल्यांची जागाही पाहा: अँफिपॉडचे कल्ले छातीच्या पायांच्या बुडाशी लोंबतात, तर आयसोपॉडचे प्लिओपॉड हेच कल्ले. पाच मिनिटांत निकाल लागतो. फ्रिॲटोइसिड निघाला तर महाराष्ट्राच्या दृष्टीने ती बातमी तुम्ही समजताय त्यापेक्षा मोठी असेल.

आता नमुन्यांबद्दल. सॅनिटायझर तात्पुरता ठीक होता, पण त्यात पाणी आणि जेल असतं. आजच ते जीव काढून कॉलेजच्या लॅबमधल्या निखळ इथेनॉलमध्ये, म्हणजे ९५ टक्क्यांच्या वरच्या, टाका आणि दुसऱ्या दिवशी ते इथेनॉल बदला, कारण अंगातलं पाणी बाहेर येऊन ते पातळ होतं. बाटली फ्रीजमध्ये ठेवा. फॉर्मालीनला मात्र हात लावू नका. डीएनएचा रस्ता त्याने बंद होतो.

पुढच्या खेपेला दोन वाटे करा. एक वाटा निखळ इथेनॉलमध्ये डीएनएसाठी. दुसरा ७० ते ७५ टक्के इथेनॉलमध्ये, किंचित ग्लिसरीन घालून, शरीररचनेसाठी. निखळ इथेनॉलमध्ये हे जीव ठिसूळ होतात आणि मागचे पाय, मिशा, तिसरा युरोपॉड पटापट गळून पडतात. नेमका तिसरा युरोपॉडच तुम्हाला हवा असतो. जिवंत जीव थेट कडक अल्कोहोलमध्ये टाकला तर तो आक्रसून वळतो आणि पाय सोडतो, म्हणून आधी थंड सोडा वॉटर किंवा पाण्यात लवंग तेलाचा अंश घालून त्याला गुंगी आणा. त्याआधी जिवंतपणीचा फोटो काढून ठेवा, कारण अंगातला निळसर-गुलाबी रंग, पोटातलं अन्न, अंडी हे सगळं अल्कोहोलमध्ये उतरतं.

गोळा करायची पद्धत जागेवर ठरते. झऱ्याच्या तोंडाशी रात्रभर बारीक जाळी बांधून ठेवली की लोंढ्याबरोबर येणारे मिळतात. भुयारात छोट्या छिद्राच्या बरणीत सुकटीचा तुकडा ठेवून रात्रभर बुडवली की मोठे, पूर्ण वाढलेले येतात, आणि तुम्हाला तेच हवेत. ओढ्याकाठच्या वाळूत खड्डा खणून त्यात झिरपलेलं पाणी गाळायचं ही कारामान-शापुई पद्धत. लोखंडी नळी वाळूत ठोकून हातपंपाने पाणी उपसायचं ही बू आणि रूश या फ्रेंच संशोधकांची. कोपेपॉड किंवा बॅथिनेला (दोन्ही अगदी बारीक क्रस्टेशियन) हवे असतील तर जाळीची छिद्रं मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून मोठी नकोत. अँफिपॉडला एवढी बारीक लागत नाही. आसपासच्या विहिरीही पाहा, पण पंचायतीच्या जलसुरक्षकाला आधी विचारा की टीसीएल (ब्लीचिंग) पावडर शेवटची कधी टाकली. नुकतीच टाकलेल्या विहिरीत काही मिळालं नाही, तर त्यावरून तिथे जीव नाहीत असा निष्कर्ष काढता येत नाही.

आणि थोडेच घ्या. भूजलातले जीव सावकाश वाढतात, बाहेरच्या भाऊबंदांपेक्षा जास्त जगतात आणि मोजकी, मोठी अंडी घालतात. एका भुयारातली जनता किती आहे हे आपल्याला दिसत नाही. जे दिसतं तो कडेला आलेला अंश. अंडीवाल्या माद्या एक-दोन पुरतात, बाकीच्या परत पाण्यात सोडा.

प्रत्येक बाटलीच्या आत, बाहेर नव्हे, बटर पेपरवर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी हवी: गाव, तालुका, झरा की भुयार, अक्षांश-रेखांश, तारीख, कुणी गोळा केलं. पाण्याचं तापमान, पीएच आणि विद्युतवाहकता तिथेच मोजा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही देखणा असला तरी त्यावर प्रजाती उभी करता येत नाही.

इथून पुढे टेबलावरचं काम, आणि माझ्या मते नवीन प्रजाती 'सापडते' ती इथेच. झऱ्यावर नुसता जीव सापडतो.

पूर्ण वाढलेला नर निवडा. अँफिपॉडमध्ये प्रजाती वेगळी करणारी बरीच लक्षणं नर पूर्ण वाढल्यावरच उमटतात. निफार्गसच्या कित्येक प्रजातींत तिसऱ्या युरोपॉडचा टोकाचा भाग फक्त मोठ्या नरात लांबतो. मादीत किंवा तरुण नरात तो आखूडच असतो. आयसोपॉड असेल तर नराचा दुसरा प्लिओपॉड पाहायचा. कोळंबी असेल तर नराच्या पहिल्या दोन प्लिओपॉडांवरचे अवयव, आणि सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांसाठी नराचा पहिला गोनोपॉड (मिलनाचा अवयव). गट बदलला की अवयव बदलतो, पण नर नसताना वर्णन करायची घाई करू नये, हे सगळीकडे सारखंच.

शरीराची लांबी डोक्याच्या पुढच्या कडेपासून टेल्सनच्या (शेपटीच्या टोकाच्या पाटीच्या) बुडापर्यंत पाठीच्या वळणाने मोजा. मग ग्लिसरीनच्या थेंबात, स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली, किडे टोचायच्या सगळ्यात बारीक पिना काड्यांच्या टोकाला बसवून अवयव एकेक सुटे करायचे. क्रम ठरवून घ्या आणि तो कधी मोडू नका. मी मागून पुढे येतो: टेल्सन, युरोपॉड, प्लिओपॉड, मग सातव्या पायापासून पुढे, दोन्ही ग्नॅथोपॉड म्हणजे पकडीचे पाय, आणि तोंडाचे अवयव सगळ्यात शेवटी. एका बाजूचे अवयव काढा, दुसरी बाजू शक्य तेवढी शाबूत ठेवा, म्हणजे पुढे कुणाला शंका आली तर पाहायला काही उरेल. जबड्यांना मात्र हा नियम लागू नाही. डावा आणि उजवा मँडिबल सारखे नसतात. कापायच्या दाताशेजारची हलती पट्टी, लॅसिनिया मोबिलिस, दोन्हीकडे वेगळी असते, म्हणून दोन्ही काढावे आणि दोन्ही रेखाटावे.

मँडिबलवरचा तीन सांध्यांचा पाल्प (जबड्याला फुटलेला छोटा सांधेदार अवयव) नीट पाहायला शिका, कारण नवखी माणसं तो घाईत उरकतात. त्याच्या शेवटच्या सांध्यावर केसांचे चार-पाच गट असतात आणि अँफिपॉडवाल्यांनी त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी नावं दिलीत. ए गट बाहेरच्या पृष्ठभागावर, बी आतल्या, डी कडेने कंगव्यासारखा ओळीत, ई टोकाला लांब केसांचा. पाल्प काचेवर एका कुशीवर पडला तर ए आणि बी एकमेकांवर दिसतात आणि मोजणी चुकते. कव्हरस्लिप अलगद सरकवून तो उलटा करायचा, पुन्हा मोजायचं, मग रेखाटायचं. डी गटातले केस जनावराच्या आकाराबरोबर वाढतात, त्यामुळे 'बारा केस' असं नुसतं लिहून उपयोग नाही; किती मिलिमीटरच्या नरात बारा, हे लिहायला हवं. तुमच्या भुयारातल्या मोठ्यांत आणि झऱ्यातल्या लहानांत जो फरक दिसेल, त्यातला बराचसा इथेच विरघळेल असा माझा अंदाज आहे. वेगवेगळ्या आकारांची जनावरं मोजून लांबीसमोर केसांची संख्या आलेखावर मांडा. दोन्ही जागांचे ठिपके एकाच रेषेवर पडले तर तो वाढीचा फरक. दोन समांतर रेषा दिसल्या तर मात्र लक्ष देण्यासारखं काहीतरी आहे.

चित्रं कॅमेरा ल्युसिडाने (सूक्ष्मदर्शकातलं दृश्य कागदावर गिरवायच्या साधनाने) पेन्सिलीत काढा आणि मग संगणकावर शाई चढवा. ऑलिव्हर कोलमन यांनी २००३ मध्ये मांडलेली डिजिटल इंकिंगची पद्धत आता सगळीकडे रुळली आहे. फोटो काढावेत, पण चित्राला पर्याय म्हणून नव्हे. चित्र काढताना प्रत्येक काट्याबद्दल हा इथे आहे की नाही याचा निर्णय घ्यावा लागतो, आणि त्या निर्णयातच जनावर कळत जातं. प्रत्येक चित्राला मोजपट्टी हवी.

मग तुलना. यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा. आधीच्या सगळ्या संबंधित प्रजातींची मूळ वर्णनं वाचायची, नंतरच्या पुस्तकांतले सारांश नव्हे. भारतीय भूजलातल्या अँफिपॉडांची यादी लहान आहे, त्यामुळे हे तुम्हाला झेपेल. एक उदाहरण सांगतो. आधी उल्लेख केलेल्या चिल्टन यांनीच १९२३ मध्ये बंगालमधल्या एका खाणीतला आंधळा अँफिपॉड वर्णन केला आणि त्याला निफार्गस इंडिकस म्हटलं. तेव्हा जगभरातले आंधळे, पांढरे अँफिपॉड सर्रास निफार्गसमध्ये टाकले जात. १९६७ मध्ये स्ट्राश्क्राबा यांनी लक्षणं पुन्हा तपासून त्याच्यासाठी इंडोनिफार्गस हा वेगळा जीनस केला. वरवरच्या साम्यामुळे तोवर तो युरोपातल्या गटात बसला होता. चिल्टन यांनी नमुने आणि वर्णन मागे ठेवलं होतं, म्हणूनच ही दुरुस्ती शक्य झाली. बोगिडिएला इंडिका हा २००६ मध्ये आग्नेय भारतातून वर्णन झालेला अगदी बारीक अँफिपॉडही तुमच्या तुलनेत हवा. तुमचं गाव किनाऱ्यापासून फार आत नाही, म्हणून समुद्रातून भूजलात शिरलेल्या गटांकडेही पाहा. किनारी विहिरींत ते जगभर सापडतात. आणि तुलना भारताच्या सीमेवर थांबवू नका. छत्तीसगडमधल्या बस्तरच्या कोटुमसर गुहेतून रंगा रेड्डी यांनी २००६ मध्ये वर्णन केलेला चिलिबाथिनेला कोटुमसरेन्सिस हा बॅथिनेला अशा जीनसमधला निघाला, जो आशियातून त्याआधी कुणी नोंदवलाच नव्हता आणि ज्याचं नाव चिलीवरून पडलंय.

डीएनए हवाच, पण शेवटचा शब्द म्हणून नव्हे. एका नमुन्याचा एखादा पाय किंवा प्लिओपॉड डीएनएसाठी द्या, बाकीचं शरीर त्याच क्रमांकाने जपून ठेवा. संपूर्ण जनावर दळून टाकलं तर तो डीएनए-क्रम कुणाचा, हे पुन्हा तपासता येत नाही. नेहमीचा, मायटोकॉन्ड्रियातला सीओआय जीन घ्या. फोल्मर आणि सहकाऱ्यांचे १९९४ चे प्रायमर (जीनची प्रत काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) अँफिपॉडमध्ये कधीकधी दगा देतात, तेव्हा पर्यायी प्रायमर हाताशी असू द्या. सोबत २८एससारखा केंद्रकातला एखादा जीन घ्याच, कारण सीओआय फक्त आईकडून येतो. लेफेब्युर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये क्रस्टेशियनांसाठी ०.१६ हा उंबरठा सुचवला: दोन वंशांच्या सीओआयमध्ये प्रत्येक जागेमागे एवढे बदल असतील तर ते बहुधा वेगळ्या प्रजाती. मी हा आकडा इशारा म्हणून वापरतो, निवाडा म्हणून नाही. दोन दूरच्या गावांतले झरेच तपासले आणि मधले सोडले, तर मोठा फरक दिसणारच. मधल्या झऱ्यांत सलग पायऱ्या असतीलही. तुमच्या बाबतीत झरा आणि भुयार दोन्हीकडचे क्रम एकच आले आणि केंद्रकातला जीनही तेच सांगत असला, तर दोन रूपांची एकच प्रजाती धरा आणि दोन्ही रूपांचं वर्णन एकाच नावाखाली द्या.

आता कायद्याचं आणि संग्रहाचं. झरा देवस्थानचा असेल तर गुरव आणि मानकऱ्यांना, खासगी असेल तर मालकाला विचारूनच आत जा, आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवा. वनखात्याची जमीन असेल तर लेखी परवानगीशिवाय काहीही उचलू नका. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवीन प्रजाती वर्णन करणाऱ्याने ती नेमून दिलेल्या संग्रहालयाला कळवायची आणि नमुने तिथे जमा करायचे असतात. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण, म्हणजे झेडएसआय, हे त्यासाठीचं नेहमीचं ठिकाण; पुण्यात आकुर्डीला त्यांचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे. सुरुवातीलाच तिथे जाऊन बोला, शेवटी नव्हे. परदेशातल्या तज्ज्ञाला नमुने पाठवायची वेळ आली तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी पाहा. कुरियरच्या पाकिटात घालून पाठवायची ही वस्तू नाही. होलोटाइप, म्हणजे ज्या एका जनावरावर नाव कायमचं टांगलं जाणार ते, कॉलेजच्या कपाटात ठेवू नये. विभागप्रमुख बदलतात, कपाटं हलतात, अल्कोहोल उडून जातं.

नामकरणाचे नियम आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेच्या चौथ्या आवृत्तीत आहेत. ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तुमच्यासाठी त्यातल्या मोजक्याच अटी महत्त्वाच्या. नाव नवीन असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. प्रजाती इतरांपासून कशी वेगळी ते शब्दांत सांगितलेलं हवं. होलोटाइप ठरवलेला आणि तो कोणत्या संग्रहात आहे ते नमूद केलेलं हवं. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापत असाल तर २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे तो लेख झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदवलेला आणि तसा उल्लेख लेखातच हवा. नाव ठेवताना जीनसचं लिंग पाहून शेवट जुळवा. एका पुरुषावरून ठेवलं तर शेवटी आय (-i), स्त्रीवरून ठेवलं तर एई (-ae). स्वतःचं नाव देऊ नये, हा संकेत पाळा. गावावरून, झऱ्यावरून किंवा लक्षणावरून ठेवलेलं नाव मला नेहमीच जास्त भावतं, कारण पुढचा माणूस त्या नावाचा माग काढत त्या पाण्यापर्यंत पोचू शकतो.

वर्णन लिहिताना डायग्नोसिस आणि डिस्क्रिप्शन वेगळे ठेवा. डायग्नोसिस चार-सहा ओळींची, फक्त वेगळेपण सांगणारी. डिस्क्रिप्शन सविस्तर, प्रत्येक अवयवाचं, ठरलेल्या क्रमाने, आणि आज निरुपयोगी वाटणारी लक्षणंही त्यात घ्या. अजून पन्नास वर्षांनी शेजारच्या तालुक्यातली प्रजाती कुणी वर्णन करायला बसेल, तेव्हा त्याला नेमकं तेच लक्षण लागेल जे तुम्हाला आज नगण्य वाटतंय. पाठवायला झूटॅक्सा, झूकीज, सबटेरेनियन बायोलॉजी, किंवा आपल्याकडचं कोइम्बतूरहून निघणारं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा, यांपैकी काहीही चालेल. पैसे घेऊन चार दिवसांत छापून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. वाईट छापलेलं नावही नियमात बसलं तर कायमचं चिकटतं आणि पुढच्यांना ते निस्तरावं लागतं.

किती वेळ लागेल? फाँतेन, पेरार आणि बूशे यांनी २०१२ मध्ये हिशेब मांडला होता की पहिला नमुना गोळा झाल्यापासून प्रजातीचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. त्यातली बरीच वर्षं नमुने नुसते बाटलीत पडून असतात, कारण पाहणारं माणूस नसतं. तुमच्याकडे नमुने ताजे आहेत, जागा चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि पदव्युत्तर प्रकल्पाला विषय हवाच आहे. नर मिळाले तर रेखाटन, तुलना आणि डीएनए मिळून हे दोन वर्षांत होण्यासारखं काम आहे, आणि ते तुम्हीच करावं असं मला मनापासून वाटतं.

गावात एक गोष्ट मात्र आधीच बोलून ठेवा. पिण्याच्या पाण्यात किडे निघाले अशी हाकाटी झाली की लोक झऱ्यात टीसीएल ओततात किंवा तोंड सिमेंटने बुजवतात. हे जीव पाण्याबरोबर वाहून आलेला पालापाचोळा आणि त्यावरचे जिवाणू खाऊन जगतात. ते असल्यामुळे पाणी खराब होत नाही. पाणी पिण्याजोगं आहे की नाही हे प्रयोगशाळेतली तपासणी सांगेल, ती ग्रामपंचायतीला जरूर करून घ्यायला सांगा. सरपंच आणि जलसुरक्षकाला भिंगातून एकदा जिवंत जीव दाखवा. त्याने जेवढं काम होतं तेवढं पत्राने होत नाही.

सध्या एवढंच करा: बाटलीतला सगळ्यात मोठा जीव कुशीवर ठेवून पूर्ण शरीराचा एक फोटो, आणि मागच्या टोकाचे, तिसरा युरोपॉड आणि टेल्सन स्पष्ट दिसतील असे वरून आणि बाजूने दोन फोटो काढा. सोबत मोजपट्टी ठेवा. तेवढ्यावरून निदान फॅमिली कोणती असावी आणि कुठली मूळ वर्णनं आधी मिळवायची, हे सांगता येईल.